तळ बघणारे सर

कोणतीही बाटली हातात आली की सर आधी ती पालथी करतात. वास, किंमत, कंपनी सगळं नंतर. तळाला त्रिकोणात आकडा असतो, तो त्यांना हवा असतो. 1 म्हणजे पेट, 2 म्हणजे एचडीपीई, 5 म्हणजे पीपी. शिष्यवृत्तीच्या पोरांना शिकवावं तसं ते भर दुकानात शिकवतात. मध्यंतरी बीडच्या सुभाष रोडवर तेलाची बाटली पालथी करून त्यांनी मोठ्यांदा विचारलं, "हा दोन नंबरचा माल ना?" दुकानदारानं आधी रस्त्याकडं पाहिलं, मग गल्ल्याकडं. राज्यात 2012 पासून गुटखा बंद आहे, तेव्हा असले शब्द शटर अर्धं ओढूनच बोलायचे असतात.

"सर, हळू बोला की! आपल्याकडं तसलं काही नसतंय."

"अहो, दोन नंबरच चांगला! भंगारवाला आवडीनं नेतो."

तेव्हापासून त्या दुकानात सरांना न मागता चहा मिळतो.

सर जिल्हा परिषदेचे शिक्षक. घर बीडला, शाळा धारूर तालुक्यात, रोजचं अपडाउन. वेष्टण कागदाचं असलं की आत काय आहे हे सर विचारत नाहीत. कागदात गुंडाळलेली केस धुवायची वडी आणली. बोअरच्या जड पाण्यात तिला फेस येईना आणि सरांचे केस तुराट्यांसारखे उभे राहिले. प्लास्टिकचं रेझर टाकून पितळी आणलं, कारण त्याचं ब्लेड कागदाच्या पुडीत येतं. आता रोज सकाळी सरांच्या गालावर वर्तमानपत्राचे तुकडे चिकटलेले असतात आणि पहिल्या बाकावरची पोरं त्यावर बातम्या वाचतात. एकदा तर कागदी पुडी म्हणून त्यांनी कौतुकानं मिश्रीच घरी आणली. वहिनींनी पुडी आणि सर, दोघांनाही ओट्यावर बसवलं.

1 जुलै 2022 पासून प्लास्टिकच्या काडीचे इअरबड देशभर बंद झाले, तेव्हा सरांनी शाळेत पेढे वाटले. ही बंदी आपल्याच अर्जावर झाली असावी, असा त्यांचा चेहरा होता. पण शाम्पूची एक रुपयाची पुडी त्या यादीत नव्हती, आणि सरांची खरी लढाई तिच्याशीच. पुडीत वेगवेगळे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सुटे होत नाहीत, त्यामुळं भंगारवाला तिला हात लावत नाही. मुद्दा खरा आहे. सरांचे मुद्दे खरेच असतात, म्हणून तर त्यांना टाळायला लोक पलीकडच्या बोळातून जातात.

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या दिवसांत शाळेजवळच्या किराणा दुकानात एक मावशी पुड्यांची अख्खी माळ घेत होत्या. सर आडवे आले.

"मावशी, त्यापेक्षा मोठी बाटली न्या."

मावशींनी बोटांवर हिशेब केला. "बाटलीतला महाग पडतोय, सर." हेही खरं होतं, पुडीतला शाम्पू बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्तच पडतो. "अन् कोपीत बाटली ठिवली की समदी टोळी तिच्यातच डोकं धुती. पुडी कशी, ज्याची त्यानं फोडायची."

पाच मैलांच्या परिसरात सरांना कुणी निरुत्तर केल्याचं ऐकिवात नव्हतं. त्या दिवशी ते शाळेत गप्प होते म्हणे. पोरांनी गैरफायदा घेऊन पाढे बुडवले.

पण सर ते सरच. टोळ्या गावी परतेपर्यंत त्यांनी त्या दुकानदाराच्या मागं लागून शाम्पूचा कॅन ठेवायला लावला. पूर्वी गोडं तेल सुटं मिळायचं तसा शाम्पूही सुटा, बाटली आपापली आणायची. दुकानदाराचा मुलगा सरांच्याच वर्गात, त्यामुळं त्याला नाही म्हणता आलं नाही. कॅनशेजारी सर स्वतः उभे. पहिलं गिऱ्हाईक म्हणून मावशीच आल्या. मापातला शाम्पू त्यांनी दोन बोटांत घेऊन चोळला, ताणून पाहिला, हुंगला.

"ह्याच्यात पाणी किती घातलंय?"

दुकानदारानं माप खाली ठेवलं. "ते सरांना विचारा."