वॉयलवाले सर

भिवंडीच्या यंत्रमागांना शुक्रवारची सुट्टी असते, आणि पियानोच्या सरांना त्याच दिवशी कंठ फुटतो. एरवी खालच्या गाळ्यात धोटे असे खटखटत असतात की शिकवणीला वेगळा मेट्रोनोम लागत नाही. सरांचं दुखणं नेमकं हेच आहे. इथलं पोर आईच्या पोटातूनच पक्का ठेका घेऊन येतं आणि सरांना तो बोटांतून काढायचा असतो.

असे एक सर मुंबईच्या आसपासच्या प्रत्येक गावात सापडतात. पोट ग्रेडच्या परीक्षांवर, जीव फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसीवर. दारावर पाटी : ‘इम्प्रेशनिस्ट शैली शिकवली जाईल’. खुद्द देब्युसीला हा शब्द खपत नसे; १९०८ साली प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने तो वापरणाऱ्यांना सरळ मूर्ख म्हटलं होतं. सरांना हे ठाऊक आहे, पण पाटी आधीच रंगवून झाली होती.

सुरुवात ‘व्वाल’ने होते. १९१० साली छापलेल्या प्रील्यूडच्या पहिल्या पुस्तकातली ही दुसरी रचना. चार माग चालवणारे एक वडील वहीवरचं नाव वाचून म्हणाले, “वॉयल? ती आता नेसतं कोण? आम्ही कोरं ग्रे कापडच काढतो.” फ्रेंचमध्ये शिडालाही हाच शब्द आणि तलम पडद्यालाही, देब्युसीने कुठला धरला हे उघड नाही, असं सरांनी समजावलं. “म्हणजे ऑर्डर पक्की नाही,” वडिलांनी निकाल दिला.

या पुस्तकात रचनेचं नाव शेवटी येतं, कंसात, आधी तीन टिंबं देऊन. पालकांची फीसुद्धा तशीच येते.

“सा, रे, ग, तीव्र मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद,” सर पट्ट्या दाखवतात. पेटी शिकलेली मुलगी घाबरते. “पंचमच नाही? मग घरी कसं यायचं?”

“यायचंच नाही!” सर आनंदाने ओरडतात. “आणि पेडल अर्धंच. रिक्षावाला क्लच दाबतो तसं.”

पियानोला हातोडेच नाहीत असं वाटलं पाहिजे, ही देब्युसीची अपेक्षा. मुलांच्या घरी खरोखरच बिनहातोड्यांचा, ६१ पट्ट्यांचा कॅसिओ असतो. त्यातून धुकं न निघता ‘हॅपी बर्थडे’ निघतं. यात आपलं काय, असं कुणी विचारलं की सर बडोदं काढतात. बडोद्याचे गायक इनायत खाँ पॅरिसला देब्युसीला भेटले होते. आणि बडोदं गायकवाडांचं, म्हणजे आपलंच.

परवाच्या बुधवारी देब्युसीच्याच पाण्यात बुडालेल्या कॅथीड्रलची घंटा चालली होती. मुलीने भलामोठा कॉर्ड धरला आणि वीज गेली. कॅसिओ गप्प. खालचे मागही गप्प.

“पाय काढू नकोस,” सर कुजबुजले. “ऐक, विरतंय.”

“सर, लाईट गेलीय.”

“पाय काढू नकोस म्हटलं ना.”

अंधारात तिने पेडल तसंच अर्धं दाबून ठेवलं. खालून तिचे वडील वायरमनला हाका मारत होते.