विश्वमैत्रीची कीर्द

आमच्या क्लबाच्या कीर्दीत 2 जुलैच्या तारखेखाली माझ्या हातची नोंद आहे : ‘चिक्की, शेंगदाणा, 14 किलो. जर्मनी.’ तिच्याखाली ऑडिटरने तांबड्या शाईत विचारलंय, ‘जर्मनी म्हणजे काय?’

प्रश्न रास्त आहे. मी स्वतः 34 वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या पिंजऱ्यात. असली नोंद माझ्यासमोर आली असती तर मीही तांबडी शाईच काढली असती. पण निवृत्त होऊन लोणावळ्याला राहायला आलो आणि पहिल्याच पावसाळ्यात शेजाऱ्यांनी मला या क्लबात नेलं. ‘हे बँकेत होते’ अशी ओळख करून दिल्यावर सगळ्यांचे चेहरे उजळले. मला वाटलं, आदराने. पुढच्या दहा मिनिटांत मी खजिनदार झालो.

क्लबाचं काम म्हणजे देशोदेशींच्या लोकांशी मैत्री आणि संस्कृतीची देवाणघेवाण. क्लबाचं नाव मात्र विचारू नका. रोटरी 1905 साली शिकागोत निघाली, लायन्स 1917 साली तिथेच, इनर व्हील 1924 साली मँचेस्टरमध्ये आणि फ्रेंडशिप फोर्सची घोषणा तर 1977 साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी व्हाइट हाउसमधून केली. यांपैकी आमचं कुळ कोणतं ते सांगितलं, तर वरून लेखी खुलासा मागतील, आणि तो खजिनदारालाच लिहावा लागतो. रोटरीचं नाव म्हणे सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरायच्या म्हणून पडलं. आमच्याही सभा आळीपाळीनेच भरतात, पण ज्याचा बंगला त्या आठवड्यात गळत नसेल त्याच्याकडे.

या जागतिक मंडळींनी एक घोळ करून ठेवलाय. रोटरीचं काय, लायन्सचं काय, वर्ष सुरू होतं 1 जुलैला. शिकागोत ती तारीख चांगलीच असणार. लोणावळ्यात वर्षाला चार-साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला सिंहाचा वाटा जुलै उचलतो. जगात कुठेही नवा अध्यक्ष सुटाबुटात पदग्रहण करतो. आमचा अध्यक्ष सुटाखाली गमबूट घालून करतो. फोटो कमरेच्या वर काढायचा, असा आमच्याकडे अलिखित ठराव आहे.

देवाणघेवाणीचं मुख्य चलन म्हणजे झेंड्या. परगावचा पाहुणा आला की तो त्याच्या क्लबाची वीतभर रेशमी झेंडी देतो, आपण आपली द्यायची, हात हातात धरून कॅमेऱ्याकडे बघायचं. आमच्या कपाटात अशा 41 झेंड्या आहेत. पुण्याची जपानच्या ओकायामाशी मैत्री झाली, तर सिंहगड रस्त्यावर कोराकुएन बागेच्या धर्तीवर 10 एकरांची बाग उभी राहिली, पु. ल. देशपांड्यांचं नाव लागलं तिला. आमची मैत्री गोदरेजच्या एका कप्प्यात मावते. त्यात डांबराच्या गोळ्याही मावतात.

तर गेल्या वर्षी जर्मनीहून सहा जण येणार असं पत्र आलं. हॉटेलात नाही, घरी राहणार. घरात राहून संस्कृती बघायची, असा त्या योजनेचा गाभाच. आमचे सभासद 38. पाहुणे कोण कोण ठेवून घेणार, असं अध्यक्षांनी विचारलं आणि 38 जण एकदम आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. अध्यक्ष म्हणाले, ‘अतिथी देवो भव.’ मागून कोणीतरी विचारलं, ‘देवाला कमोड लागतो का?’ चर्चा मग तासभर त्याच मुद्द्यावर रंगली. सेक्रेटरींनी इतिवृत्तात तिची नोंद ‘सांस्कृतिक पूर्वतयारी’ अशी केली आहे.

आमच्या वाट्याला एक म्हातारं जोडपं आलं. आमच्या हिने पाहुण्यांना होकार दिला, पण एक अट घातली. ‘अहो, तुम्ही इंग्रजीत बोलायचं नाही. मी बोलेन. तुमचं इंग्रजी कर्ज नाकारणाऱ्या पत्राचं आहे.’ अट मी पाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की आजोबा तिकडच्या बचत बँकेतून निवृत्त झालेले. मग आम्हां दोघांना भाषा लागलीच नाही. मी कीर्द उघडून दाखवली. त्यांनी चष्मा लावून रकाने बघितले, एका बेरजेवर बोट ठेवलं आणि मान हलवली. सव्वादोन रुपयांची चूक होती. अकरा महिने ऑडिटरला सापडली नव्हती.

पदग्रहणाच्या संध्याकाळी, रिवाजाप्रमाणे, वीज गेली. अंधारात पाहुण्यांना काहीतरी सांगत राहणं भाग होतं, म्हणून मी वळवणच्या धरणाचं सांगितलं. आमच्या डोक्यावर पडणारं हे पाणी घाट उतरून खोपोलीला जातं, तिथे 1915 सालापासून त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. आधी गिरण्या चालल्या तिच्यावर. हिने भाषांतर केलं. आजोबा मेणबत्तीच्या उजेडात म्हणाले, ‘म्हणजे पाऊस तुमचा आणि दिवा त्यांचा?’ हे वाक्य मला जमाखर्चाच्या दृष्टीने फार आवडलं.

वीज आली तेव्हा जेवण मांडलेलं होतं. भारतीय संस्कृतीचं दर्शन घडवण्यासाठी अध्यक्षांनी खास केटररला सांगितलं होतं, त्यामुळे पनीर टिक्का, व्हेज मंचुरियन, हाका नूडल्स आणि गुलाबजाम असा बेत होता. एका पाहुणीने नूडल्सकडे बोट दाखवून ‘मावळ?’ असं विचारलं. सेक्रेटरी ‘येस’ म्हणाले.

सत्कारावरूनही झालं थोडं. पुणेरी पगडी घालावी, असा एक ठराव होता. तळेगावकर सभासद उठले : मावळात बसून पुण्याची पगडी का म्हणून? मावळ्यांचं पागोटं आणा. ते आणायला गेलेला माणूस फेटे घेऊन आला, तेही कोल्हापुरी, भाड्याचे. मांडववाल्याच्या पावतीवर ‘12 नग दिले’ आणि ‘11 नग परत’ असं आहे. बाराव्याचा शोध पाच महिन्यांनी लागला. नाताळच्या आधी एका पाहुणीने मेलवर फोटो पाठवला. फेटा उलगडून तिने जेवणाच्या लांबलचक टेबलावर मधोमध अंथरला होता आणि वर मेणबत्त्या लावल्या होत्या. मांडववाल्याला मी तो फोटो दाखवला. त्याने कौतुकाने बघितला, पुढे मुलाला दाखवला आणि पैसे घेतले.

त्यांनी आम्हांला काय दिलं? हे लोक ब्लॅक फॉरेस्टच्या बाजूचे, त्यामुळे कोकिळेचं घड्याळ दिलं. लाकडी घर, खाली साखळ्यांना देवदाराच्या फळांसारखी लोखंडी वजनं, तासाला दार उघडून एक पक्षी बाहेर येतो आणि ‘कुक्कू’ करतो. सभागृहात टांगलं. चार दिवस सभासद नुसतं बारा वाजायची वाट बघत बसायचे, कारण तेव्हा तो बारा वेळा येई. पाचव्या दिवशी सकाळी पक्षी सातव्या ‘कुक्कू’ला बाहेर आला आणि बाहेरच राहिला. जर्मन लाकूड लोणावळ्याच्या हवेत फुगलं होतं. सुताराने बघून सांगितलं, ‘कोकिळा वाळली की आपोआप आत जाईल.’ दिवाळीत ती वाळली, आत गेली आणि दार असं घट्ट बसलं की तेव्हापासून आतूनच काहीतरी ऐकू येतं.

पाहुण्यांना कार्ल्याची लेणी दाखवायची जबाबदारी माझ्यावर होती, कारण तिकिटांचे पैसे माझ्याकडे होते. अदमासे साडेतीनशे पायऱ्या, वरून धो धो पाऊस, पायऱ्यांवरून ओढा वाहिल्यासारखं पाणी. बाहेर एकवीरा आईचं देऊळ, कोळी मंडळींची दर्शनाची रांग, आणि आत पाऊल टाकलं की एकदम कोरडं शांत. दोन हजार वर्षांचं चैत्यगृह, 37 खांब आणि वर छताला जुन्या लाकडी कमानी अजून शाबूत. इथलं लाकूड फुगलं नाही. आजोबांनी बराच वेळ मान वर करून ते बघितलं आणि माझ्याकडे नजर टाकली. त्यांनाही घड्याळच आठवलं असावं. ते तेव्हा नुकतंच भिंतीवर चढलं होतं.

मी त्यांना खांबांवरचे ब्राह्मीतले लेख दाखवले. मला ब्राह्मी येत नाही, पण खजिनदाराला देणगीदारांची यादी बरोबर ओळखू येते. तशीच आहे ती. खांब कोणी दिला, तो राहणारा कुठला आणि शेवटी ‘दान’. गंमत म्हणजे देणाऱ्यांत यवन आहेत. धेनुकाकट गावचा यवन सिहधय, खांब एक. तसेच आणखी काही यवन, एकेक खांब. ग्रीक म्हणा, बाहेरून येऊन स्थायिक झालेले म्हणा, पंडितांचं त्यावर चालू असतं. मला एवढंच दिसलं की परदेशी सभासदांकडून वर्गणी वसूल करण्याचं काम मावळात आमच्या क्लबाच्या दोन हजार वर्षं आधी कोणीतरी चोख केलं होतं. आणि तीही झेंडीच्या रूपात नाही, खांबाच्या. नोंद आजतागायत खोडलेली नाही.

व्हरांड्यात आणखी एक लेख आहे, वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठजींचा. त्यांनी हे शैलगृह पूर्ण केलं, आणि ते जंबुद्वीपात सर्वांत उत्तम आहे, असं त्यात स्वतःच लिहून ठेवलंय. आमच्या माजी अध्यक्षांनी बसथांब्यावर दोन सिमेंटची बाकं दिली, त्यावरच्या पाटीचा मजकूर मला त्या वेळी फार भपकेबाज वाटला होता. आता वाटत नाही. प्रथा जुनी आहे.

चौथ्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेत ‘ग्रामीण जीवन दर्शन’ होतं. म्हणजे गाडीतून अंदर मावळात जायचं, काचेतून भातखाचरं बघायची आणि परत यायचं. गाडी चिखलात रुतली म्हणून आम्ही उतरलो. समोर लावणी चालली होती. बायका वाकून रोपं लावत होत्या, बांधावर रोपांच्या मुठी पडलेल्या, एक म्हातारा औतामागे. इंद्रायणी तांदूळ, वडगावच्या भात संशोधन केंद्रातून 1987 साली बाहेर पडलेला. आमच्या घरी आदल्या रात्री पाहुण्यांनी त्याचाच भात खाल्ला होता, खेकड्याच्या रश्शाबरोबर. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असतानाही आजोबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला होता. त्यामुळे ते थेट खाचरात उतरले. त्यांच्या अंगात तांबडा रेनकोट, पाठीवर त्यांच्या बचत बँकेचं नाव. म्हाताऱ्याच्या डोक्यावरून पाठीवर इरलं, बांबूच्या कामट्यांचं, पानं लावलेलं. आता ते फारसं कोणी वापरत नाही. मेणकापड सोपं पडतं.

दोघे समोरासमोर उभे राहिले आणि एकमेकांच्या पाठीकडे बघायला लागले. आजोबा इरल्याभोवती एक फेरी मारून आले. आत वाकून बघितलं. म्हाताऱ्याने रेनकोटाची बाही चिमटीत धरली.

‘ह्ये आतून भिजत न्हाय?’ त्याने मला विचारलं.

‘घाम येतो म्हणतात आतून.’

‘मग भिजतंयच की.’

तेवढ्यात बांधापलीकडच्या झाडीतून पावशा ओरडला. एका बाईने वर न बघता सांगितलं, तो ‘पेरते व्हा’ म्हणतोय, पण येडा हाय, पेरून महिना झाला. हिने भाषांतर केलं. आजोबांनी सांगितलं, त्यांच्याकडच्या कोकिळेचा पहिला आवाज ऐकला की खिशातली नाणी वाजवायची, म्हणजे वर्षभर पैसा टिकतो. पावशाही कोकिळेच्याच कुळातला, एवढं मला ठाऊक होतं. मी ताबडतोब खिसा वाजवला. क्लबाचे साडेचारशे रुपये होते. नोटा होत्या, वाजल्या नाहीत.

गाडी निघाली तेव्हा मी मोजदाद केली. पाहुणे सहा. अंगावर रेनकोट पाच. सहाव्याच्या मांडीवर इरलं, ते गाडीच्या दारातून आडवं करून आत घ्यायला तीन माणसं लागली होती. मागे वळून बघितलं तर औतामागे तांबडा ठिपका चालला होता. अध्यक्षांचा कार्यक्रम त्या दिवशी फोटोविना झाला, कारण छायाचित्रकार गाडीखाली दगड लावत होता. विमानात इरलं कसं नेलं ते मला माहीत नाही. पण नेलं.

जूनअखेर हिशेब तपासायला ऑडिटर आला. झेंड्यांपाशी थांबला नाही, घड्याळाची किंमत शून्य धरली, चौदा किलो चिक्कीला ‘सदिच्छा खर्च’ म्हणून कसाबसा राजी झाला. मग त्याला 4 जुलैची नोंद दिसली : ‘इरलं 1 नग, गेलं. रेनकोट 1 नग, आला.’

‘हे क्लबाचं होतं?’

‘नाही.’

‘मग कीर्दीत कशाला?’

मी गप्प बसलो. तो पानं मागे-पुढे उलटत राहिला. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाला, ‘साहेब, छत्तीस पानांत दोन्ही बाजू जुळणारी ही एकच नोंद आहे. आणि नेमकी हिचीच पावती नाही.’

दोन्ही रकमा सध्या सस्पेन्स खात्यात आहेत. तेव्हा अंदर मावळात जुलैमध्ये कोणी म्हातारा पाठीवर जर्मन अक्षरं असलेला तांबडा रेनकोट घालून औत हाकताना दिसला, तर त्याला पर्यटक समजून भुशी धरणाचा रस्ता विचारू नका. कागदावर ‘रेनकोट 1 नग मिळाला’ एवढं लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्या आणि मला पाठवा. तारीख 4 जुलैचीच टाका, म्हणजे मागच्या वर्षाच्या हिशेबात बसेल.