वसंत पाटील यांचे स्वागत असो

बंगळूरच्या आयटी कंपनीत उद्या रुजू होणाऱ्या मराठी उमेदवारासाठी हे लॉगिनचे मार्गदर्शन आहे. लागणारे साहित्य: कंपनीने दिलेला लॅपटॉप, स्वतःचा मोबाइल, दोन्हींचे चार्जर, आधार कार्ड आणि दहावीची गुणपत्रिका. लॉगिनला गुणपत्रिका कशाला, असे वाटले ना? सगळ्या घोळाचे मूळ तिथेच आहे.

समजा, तुमचे नाव अमोल वसंत पाटील. महाराष्ट्र बोर्ड ते ‘पाटील अमोल वसंत’ असे छापते, आडनाव आधी. शाळेच्या हजेरीपासून कानाला तीच सवय, त्यामुळे आपल्याला त्यात वावगे काही दिसत नाही. एचआरमधली मुलगी तो कागद डावीकडून वाचत जाते आणि भरते: पहिले नाव पाटील, मधले अमोल, शेवटचे वसंत. तिला बोल लावू नका. तिच्याकडे तीन चौकोन होते, तुम्ही तीन शब्द दिलेत. पुढे कंपनीची यादी शेवटचे नाव आधी दाखवते आणि मधले गाळून टाकते. उरले ‘वसंत पाटील’. म्हणजे सोमवारी सकाळी साडेनऊला तुम्ही लिफ्टमधून वर येता, तेव्हा नोकरी तुमच्या वडिलांना लागलेली असते.

आदिलशाहीने शहाजीराजांना बंगळूरची जहागीर दिली तेव्हा ही यादी नव्हती, हे नशीबच. नाहीतर जहागिरीचा कागद मालोजी भोसले यांच्या नावे निघाला असता आणि दुरुस्तीसाठी राजांना हेल्पडेस्ककडे तक्रारीचे तिकीट टाकायला सांगितले असते.

हा त्रास फक्त आपल्यालाच आहे असे समजून उगाच अस्मिता पेटवू नका. शेजारच्या टेबलावरच्या कन्नड मित्राला बहुधा आडनावच नसते. नावाआधी गावाचे आणि वडिलांचे आद्याक्षर लावले की त्याचे भागते. पण आडनावाचा चौकोन रिकामा सोडला की फॉर्म पुढे सरकत नाही. मग कुणी तिथे टिंब देतो, कुणी तेच नाव पुन्हा लिहितो. मंजुनाथ मंजुनाथ हे त्यातूनच जन्माला येतात. आणि १ मे २०२४पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे चार शब्द येतात. निर्णय चांगलाच आहे. ही मुले विशीत येतील तोवर एचआरने चौथा चौकोन तेवढा आखून ठेवावा.

आता लॅपटॉप उघडा. पासवर्डची चिठ्ठी हातात असेल. तिच्यावरचे गोल अक्षर शून्य आहे की ओ, आणि उभी रेघ एक आहे की एल, हे चिठ्ठी लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शून्यापासून सुरुवात करा. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचे चित्र असेल तर ते दाबून टाइप केलेले वाचून बघा. कॅप्स लॉक बघा. खालच्या कोपऱ्यात भाषा बघा. हाच लॅपटॉप आधी वापरणाऱ्याने घरून काम करताना आईला मराठीत दोन ओळी लिहिल्या असतील तर कीबोर्ड अजून मराठीतच असेल आणि काळ्या ठिपक्यांआड तुम्ही अस्सल देवनागरी पासवर्ड देत असाल. ठिपके सगळ्या लिप्यांचे सारखेच.

पासवर्ड बरोबर निघाला की मोबाइलवरचा सहा आकडी कोड मागतात. तो कोड देणारे अ‍ॅप जोडण्याची लिंक ऑफिसच्या ईमेलवर पाठवलेली असते. ईमेल उघडायला लॉगिन लागते. लॉगिनला कोड लागतो. अडचण आली तर तिकीट टाका म्हणतात, आणि तिकीट टाकायलाही लॉगिन लागते. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन समजावून सांगावे लागत नाही. उपाय एकच: हेल्पडेस्कला फोन.

फोनवर आधी नाव विचारतात. ‘अमोल’ म्हणालात तर असा कर्मचारी नाही असे उत्तर येईल आणि फोन ठेवला जाईल. शांतपणे म्हणावे, ‘वसंत बोलतोय.’ पहिल्या खेपेला जीभ अडखळते. शाळेत प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकली असेल, तर सराव आहेच. पलीकडून ‘स्वल्प वेट माडी’ असे ऐकू येईल. स्वल्प म्हणजे थोडे; आपल्याकडे हा शब्द आता बहुतेक स्वल्पविरामातच उरला आहे. कन्नड स्वल्प मात्र कॉफी पिऊन येण्याएवढा असतो. पिऊन या.

तरीही कोड चुकीचाच म्हणत असेल तर मोबाइलचे घड्याळ बघा. हा कोड कुठून पाठवलेला नसतो. मोबाइल आणि कंपनीचा सर्व्हर दोघेही एक गुप्त किल्ली आणि चालू वेळ यांवरून तो आपापल्या जागी काढतात आणि दर तीस सेकंदांनी बदलतात. घड्याळे जुळली नाहीत तर कोडही जुळत नाहीत. आपल्या घरांत भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे ठेवायची शिस्त असते, गाडी चुकू नये म्हणून. तीच शिस्त कुणी मोबाइललाही लावतो. तुम्ही पाच मिनिटे भविष्यात जगत असता आणि सर्व्हर वर्तमानात. वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. लॅपटॉपचेही घड्याळ बघून घ्या. ऑफिसच्या विंडोज नेटवर्कवर पाच मिनिटांपर्यंतचा फरक साधारण खपवून घेतात, पुढे दार बंद.

काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावतील. (मोठी अक्षरे, आकडे, चिन्हे यांचा आग्रह अमेरिकेतल्या बिल बर यांनी २००३मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेने रूढ केला, २०१७मध्ये त्यांनीच त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला, आणि त्याच वर्षी तिथल्या मानक संस्थेने ठरावीक मुदतीने बदल सक्तीचा करू नका असेही सांगितले. आमच्या मजल्यापर्यंत ही बातमी पोचायची आहे.) बदल झाला की दहा मिनिटांत अकाउंट लॉक होईल. उघडून घ्याल, पुन्हा लॉक. कुणीतरी हॅक करतेय या विचाराने घाम फुटेल. तो हॅकर तुमच्याच खिशात आहे. ऑफिसच्या वायफायला जोडलेला मोबाइल जुना पासवर्ड मुकाट्याने पुन्हा पुन्हा देत राहतो, आणि चुकीचे प्रयत्न मोजणाऱ्याला माणूस कोण आणि मोबाइल कोण हे कळत नाही. मोबाइलमधून ते वायफाय आधी ‘फर्गेट’ करा, मग अकाउंट उघडून घ्या. या क्रमाने. उलट केलेत तर हेल्पडेस्क तुमचा आवाज ओळखू लागेल.

रीस्टार्ट करा म्हणाले तर रीस्टार्टच करा. विंडोजमध्ये नुसते शटडाउन केले तर लवकर उठता यावे म्हणून यंत्र अर्धवट जागेच राहते. झाकण मिटणे तर डुलकीच.

नावदुरुस्तीचे तिकीट जरूर टाका. आधारची प्रत जोडा. तीन आठवड्यांनी अमोल पाटील नावाचे नवे अकाउंट मिळेल, ज्यात एकही ईमेल नसेल. तुमची सगळी कामे, रजा आणि पगाराची पावती वसंत पाटील यांच्याकडे राहील. बहुतेक लोक इथे तिकीट मागे घेतात.

दिवाळीनंतर वडील ऑफिस बघायला येतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात चिवड्याचा डबा. रिसेप्शनवर पाहुण्याचा पास काढताना ते नाव सांगतील, पोरगा टाइप करेल, थांबेल आणि म्हणेल की हे तर इथलेच कर्मचारी आहेत, यांना पास कशाला? तेवढ्यात तुमच्या टीममधली मुलगी लिफ्टमधून बाहेर येईल आणि तुमच्याकडे बघून हात हलवेल, ‘हाय वसंत!’

वडील डबा डाव्या हातात घेऊन तिला नमस्कार करतील.