मेडिकलमधून पॅड आणणे : नवख्या बाबांसाठी सचित्र मार्गदर्शिका (चित्रे वगळून)

ही मार्गदर्शिका कुणासाठी?

ज्यांच्या घरी नुकतंच बाळ आलं आहे, ज्यांचे पेढे वाटून झाले आहेत आणि ज्यांच्या हातात आज सकाळी 'ब्रेस्ट पॅड, १ पाकीट' एवढीच चिठ्ठी पडली आहे, अशा सर्व बाबांसाठी. पूर्वानुभवाची अट नाही. नवा फोन घेण्याआधी ज्यांनी रात्र रात्र जागून रिव्ह्यू पाहिले, गाडीच्या सीट कव्हरसाठी अख्खी बाजारपेठ पालथी घातली, त्यांनी ह्या खरेदीलाही तेवढाच मान द्यावा.

चिठ्ठी हातात पडल्यावर 'हे कशाला लागतं?' असं बाळाच्या आईला विचारू नये. तिची झोप झालेली नाही. उत्तर पहिल्या पायरीत आहे.

पायरी १ : प्रश्न समजून घ्या

बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस चीक येतो. पिवळसर, दाट आणि अगदी थोडा. नवजात बाळाचं पोटही एवढंसंच असतं, त्यामुळे तो पुरतो. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं आणि खरा कारभार सुरू होतो. बाळ ओढू लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं. ते दुधाच्या ग्रंथींभोवतीच्या बारीक पेशी आवळतं आणि दूध पुढे ढकललं जातं. हाच पान्हा.

अडचण अशी की ऑक्सिटोसिन रक्तातून येतं, आणि रक्ताला डावं-उजवं कळत नाही. बाळ एका बाजूला पीत असतं तेव्हा दुसरी बाजूही वाहू लागते. शिवाय बाळ प्रत्यक्ष प्यायलाच हवं असंही नाही. रडण्याचा आवाज पुरतो, आणि रडणारं बाळ आपलंच असण्याची गरज नाही. खालच्या मजल्यावरचं चालतं, मालिकेतलंही चालतं. कधी नुसती आठवण पुरते.

बहुतेकींचं हे गळणं सहा-आठ आठवड्यांत आटोक्यात येतं, कारण तोवर शरीराला बाळाची भूक समजलेली असते. काहींचं महिनोन्महिने चालू राहतं. काहींचं थेंबभरही गळत नाही. गळण्यावरून दूध भरपूर आहे की कमी, हे ठरत नाही. हे शेवटचं वाक्य पाठ करून ठेवा. पाहुण्यांसमोर म्हणायला लागणार आहे.

पायरी २ : सल्लागार मंडळाचं ऐकून घ्या

घरात सध्या एक मंडळ बसलेलं असेल. त्यात तुमची आई, तुमच्या सासूबाई, एखादी आत्या आणि मालिशवाल्या मावशी असतात. दूध वाढावं म्हणून ह्या मंडळाने अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, बाळंतशेपा आणि शतावरी असा पाच कलमी कार्यक्रम हाती घेतलेला आहे. दूध वाढल्यावर ते सांडतं, ह्याबद्दल मात्र मंडळाचा ठराव झालेला नाही. नळ पूर्ण सोडायचा आणि बादली मागितली की 'आमच्या वेळी नव्हती हो बादली' म्हणायचं, असा हा प्रकार आहे.

मंडळातून पुढील सूचना येतील :

'तिला पाणी कमी प्यायला सांग.' अजिबात सांगू नका. पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते आणि तहान लागली की पाणी प्यायचं असतं.

'ह्यात काय एवढं, पदर घ्यायचा.' पदर दाखवण्यापुरता उपयोगी आहे. शोषण्याच्या कामी तो फार वेळ टिकत नाही.

'जुन्या धुवट साडीचे चौकोन कर.' ही सूचना बाजूला टाकू नका. तिसऱ्या पायरीत तिचा विचार केला आहे.

पायरी ३ : प्रकार ओळखा

(अ) एकदा वापरून टाकायचे. पातळ, गोल, मध्ये थोडे खोलगट. आत डायपरमध्ये असतात तसेच ओल धरणारे दाणे असतात. ओल लागली की त्यांची जेली होते. बाहेरच्या बाजूला चिकटपट्टी असते. ती ब्राला चिकटवायची, अंगाला नव्हे. हे तुम्हाला सांगण्याचं कारण इतकंच, की पहाटे तीन वाजता अंधारात कागद सोलून पॅड हातात देण्याचं काम तुमच्याकडे येणार आहे. फायदा : धुणं नाही, प्रवासात सोय. तोटा : मागे प्लॅस्टिकचा थर असेल तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत खाली घाम साचतो आणि कातडी खाजते. टाकताना कागदात गुंडाळून सॅनिटरी कचऱ्यात द्यावेत. संडासात टाकल्यास पुढची मार्गदर्शिका प्लंबर लिहील.

(आ) धुवून वापरायचे. सुती किंवा बांबूच्या धाग्याचे, दोन-तीन थरांचे, मागे बहुधा पाणी न झिरपणारा थर. आणल्या आणल्या एकदा धुवावेत. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव घालू नये, त्याने कापड ओल धरेनासं होतं. किती घ्यावेत ह्याचा हिशोब सोपा आहे. एका वेळी दोन लागतात. दिवसातून चारदा बदलले तर आठ. आजचे धुवायला, कालचे वाळायला, म्हणजे सोळा. जुलैत बाळंतपण झालं असेल आणि तुम्ही चिपळूणला राहत असाल, तर कालचे आणि परवाचे दोन्ही अजून दमटच असतील. चोवीस घ्या.

(इ) घरचे. जुन्या धुवट सुती साडीचे चौकोन, चार पदरी घडी घालून. अंगाला ह्याहून मऊ काही नाही, खर्च शून्य, आणि बाळाच्या दुपट्यांबरोबर धुऊन निघतात. एकच दोष : चिकटपट्टी नसल्यामुळे घडी फिरायला निघते. पाहुणे चहा घेत असतात, बाळाची आई हसून बोलत असते, आणि चौकोन तेवढ्यात काखेपर्यंत पोचलेला असतो. घरात, रात्री, झोपताना उत्तम.

(ई) सिलिकॉनचे. हे काहीच शोषत नाहीत. स्तनाग्रावर हलका दाब ठेवून दूध थोपवतात. घट्ट कपड्यांत, समारंभात, तास-दोन तासांपुरते ठीक. दिवसभर दाब ठेवला तर दूध साठून गाठी होण्याची भीती असते. सुरुवातीच्या आठवड्यांत तर नकोच.

(उ) जुगाड. सॅनिटरी पॅड कापून दोन करण्याची कल्पना हुशार मेहुण्याला सुचते. कापलेल्या कडेतून आतली जेली बाहेर येते आणि अंगाला लागते. मेहुण्याला चहा द्यावा.

पायरी ४ : मेडिकलमध्ये जा

काउंटरवर गर्दी असते. तुमच्या पुढे एक आजोबा बीपीच्या गोळ्यांची पट्टी उलटीसुलटी करून तारीख बघत असतात, मागे दोन कॉलेजकुमार. तुमचा नंबर येतो आणि आवाज आपोआप खाली जातो. दुकानदार विचारतो, 'काय?' तुम्ही पुन्हा पुटपुटता. तो विचारतो, 'सॅनिटरी?' तुम्ही मान हलवता. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्याला कळत नाही. मग तो माळ्यावर चढलेल्या पोऱ्याला हाक मारतो, 'अरे, ते बाळंतिणीचे पॅड काढ रे, खोक्यामागचे!' आता आजोबांसकट सगळ्या दुकानाला कळलेलं असतं. पाकीट वर्तमानपत्रात बांधलं जातं, मग काळ्या पिशवीत जातं, आणि दुकानदार पिशवीला गाठही मारतो.

योग्य पद्धत : इनो मागतो त्या आवाजात 'नर्सिंग पॅड द्या' म्हणावं. काळी पिशवी नाकारावी. पाकिटात जे आहे त्यात लपवण्यासारखं काही नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घेतलेली बरी. आपल्याकडे आईच्या दुधाची थोरवी अमाप आहे. त्याच्या शपथा घालतात, त्याचे पांग फेडायच्या गोष्टी भाषणांतून होतात. तेच दूध ओलं असतं, हे मात्र कुणाला चालत नाही. कुर्त्यावर रुपयाएवढा डाग दिसला की खोलीतले सगळे एकदम पंख्याकडे बघू लागतात. अर्धे पॅड ह्या पंख्याकडे बघणाऱ्यांसाठीच विकले जातात. तुम्ही मात्र जिच्या अंगाला ओल लागते तिच्यासाठी घ्यायला आला आहात. त्यामुळे पाकिटावरचं 'कुणाला कळणारही नाही' हे आश्वासन सोडून बाकीचा मजकूर वाचावा :

आकडा नगांचा आहे की जोड्यांचा? चोवीस नग म्हणजे बाराच जोड्या.

सुगंधी आहेत का? असतील तर परत द्या. कातडी आधीच हुळहुळी झालेली असते आणि बाळाला आईचा वास हवा असतो, गुलाबाचा नको.

अंगाकडची बाजू मऊ आहे का? कडा टोचतात का?

माप? दुकानदाराने विचारल्यास हाताने दाखवू नये. मध्यम गोल पॅड बहुतेकींना चालतात. पहिल्यांदा लहान पाकीट न्यावं, तिला पटलं तरच मोठं.

पायरी ५ : वापराचे नियम

भिजला की बदलायचा. 'अजून थोडं मावेल' हा हिशोब इथे नको. ओला पॅड अंगाला तसाच राहिला तर कातडी हुळहुळी होते, चिरा पडतात आणि बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. वाळून चिकटलेला पॅड ओढून काढू नये. कोमट पाण्याने भिजवावा, मग सुटतो. छातीवर लाल, गरम, दुखरा पट्टा दिसला आणि अंगात ताप भरला तर पॅड बदलत बसू नका, डॉक्टर गाठा. तो पॅडचा विषय नाही.

चारचौघांत अचानक पान्हा फुटला तर एक बिनखर्ची उपाय आहे. हाताची घडी घालून मनगटांनी छातीवर काही क्षण सरळ दाब द्यायचा; गळणं बहुतेक वेळा थांबतं. हाताची घडी तिच्यासाठी. तोंडावर बोट भोवतालच्या मंडळींसाठी.

पायरी ६ : विशेष प्रसंग

बारसं. दूध उतरतं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, बारसं बाराव्या. म्हणजे गळण्याचा जोर असतो नेमका तेव्हा आपण तिला रेशमी साडी नेसवतो, बाळ हातोहात फिरवतो, ते भुकेने रडू लागतं आणि बायका पाळणा म्हणतच राहतात. रेशमावर दुधाचा डाग चटकन उठून दिसतो. गडद, छापील सुती साडी सुचवावी, पॅडच्या दोन जोड्या जास्त ठेवाव्यात, आणि बाळ रडलं की पाळणा मध्येच थांबवून ते आईकडे देण्याचं धैर्य दाखवावं. हे धैर्य बाबांनीच दाखवायचं आहे.

नोकरी. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते, पण कायद्याच्या कक्षेतल्या आस्थापनांत. ऊसतोडीला जाणारी, धुणीभांडी करणारी, शेतात रोजावर जाणारी बाई त्याआधीच कामावर हजर असते, आणि तिच्याकडे साडीचा चौकोन असतो. तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींकडे तान्हं बाळ असेल, तर एक पाकीट जास्त आणायला हरकत नाही.

प्रवास. एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष असतात. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची गोष्ट सर्वांना पाठ आहे. उतरताना तिच्या चोळीचं काय झालं असेल, हे कुणी सांगत नाही. कक्ष उघडा आहे की कुलूपबंद, आत खुर्ची आहे की जुन्या फायली, हे आधी जाऊन बघण्याचं काम बाबांचं. हा प्रश्न फक्त स्थानकांपुरता नाही. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे २०२२ च्या डिसेंबरात तान्हं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. त्यानंतर मुंबईच्या अधिवेशनात त्यांना विधानभवनातल्या हिरकणी कक्षाच्या अवस्थेबद्दल तक्रार करावी लागली.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

*गळलेलं दूध वाया जातं, त्याचं काय करता येईल?*
पॅडमध्ये गेलेल्याचं काही नाही. दूध खरोखरच जास्त येत असेल तर स्वच्छ काढून दूधपेढीला देता येतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस ह्यांनी १९८९ साली अशी पेढी सुरू केली. ती आशियातली पहिली मानली जाते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना त्या दुधाचा मोठा आधार असतो.

*एकाच बाजूने जास्त गळतं. काही बिघाड आहे का?*
नाही. दोन्ही बाजू सारख्या नसतात. पॅड मात्र दोन्हीकडे लावावेत, नाहीतर साडी एकीकडेच उंच दिसते.

*मी चुकीचे पॅड आणले तर?*
ती सांगेल. सांगितल्यावर 'पण पाकिटावर लिहिलं होतं' असं म्हणू नये.

*धुतलेले पॅड वाळत कुठे घालावेत?*
उन्हात, गॅलरीतल्या पुढच्या दोरीवर. टॉवेलखाली झाकून घातले तर वाळत नाहीत आणि वास धरतात. वाळत बाबांनी घालावेत. शेजारच्या काकांनी 'हे गोल गोल काय?' म्हणून विचारलं तर जे आहे ते सांगावं. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलेलं आहे. माहिती उपयोगी पडेल.