हाताला हात

लहान मुलींशी धर्माबद्दल बोलायचं ठरवलं की आपण निवांत वेळ काढतो, आवाज जरा मऊ करतो आणि एखादी साजूक गोष्ट निवडून ठेवतो. मुली मात्र आपल्या सोयीने विचारत नाहीत. त्यांना प्रश्न पडतो तो गुरुजी संकल्प सांगत असताना, आणि तोही अशा आवाजात की आत शिरा ढवळणाऱ्या काकूलाही ऐकू जावा.

माझ्या भाचीने असाच विचारला. घरी सत्यनारायण होता. तिचे बाबा सोवळं नेसून पाटावर बसले होते, शेजारी आई. बाबा पळीने पाणी सोडत, अक्षता वाहत, आणि दर थोड्या वेळाने गुरुजी म्हणत, "वहिनी, हाताला हात लावा." मग आई उजव्या हाताची बोटं बाबांच्या हाताला टेकवी. असं बराच वेळ चाललं.

"मावशी, बाबांचा हात दुखतोय का? आई सारखी का धरतेय?"

गुरुजी खेळकर होते. मंत्र थांबवून म्हणाले, "बाळ, पूजेचं पुण्य आईलाही मिळायला हवं ना?"

"म्हणजे करंट लागतो तसं?"

यावर गुरुजींनी घाईने पुढचा मंत्र धरला.

खरी गंमत पुढे कथेत होती. साधुवाणी मूल व्हावं म्हणून पूजेचा नवस बोलतो. मुलगी होते. लीलावती आठवण करते, तर हा म्हणतो, लग्नात करू. कलावतीचं लग्नही होतं, पूजा राहते ती राहतेच. मग जावयासकट तुरुंगात जातो. इकडे घरात कर्ता पुरुष कुणी नाही. अशा वेळी लीलावती स्वतः पूजा मांडते आणि तिच्या पूजेने साधुवाणी सुटतो. कुणाच्या हाताला हात लावून नव्हे, स्वतःच्या हातांनी. ही कथा आपण पिढ्यान् पिढ्या ऐकतो, ऐकताना प्रसादाच्या शिऱ्यात केळं पडलंय की नाही याचा विचार करतो, आणि ज्या पोथीत बाईने पूजा केली तिच्याच पूजेत बाईला नवऱ्याचा हात धरायला लावतो. भाचीने कथा नीट ऐकली होती. तिचा शेरा एवढाच : "चूक त्या काकांची होती, आणि नाव बुडली तेव्हा ओरडा कलावतीला." बिचारी नवरा परत आल्याच्या आनंदात प्रसाद न घेता धावली होती.

अशा प्रश्नांवर मोठ्यांकडे एक तयार उत्तर असतं. "अगं, आपल्याकडे बाईला देवी मानतात." हे ऐकल्यावर पुढे काही विचारता येत नाही, हाच त्याचा मुख्य उपयोग. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, कार्ल्याची एकवीरा, वणीच्या गडावरची अठरा हातांची सप्तशृंगी. मुली ऐकतात, हात मोजतात आणि म्हणतात, "पण ती देवीच आहे. बायकांचं काय?" देवी होणं हे मोठेपणी करता येण्यासारखं काम नाही, हे त्यांना फार लवकर कळतं.

बरं, देवीपद मिळतं तेही कसं? नवरात्रात कुमारिका म्हणून बोलावून पाय धुतात, हळदकुंकू लावतात, खीर-पुरी वाढतात आणि जाताना टिकल्यांचं पाकीट नाहीतर प्लास्टिकचा डबा देतात. शेजारची सहावीतली मुलगी या कामात मुरलेली. एका नवरात्रात तिचे तीन डबे जमले होते. पुढच्या वर्षी मात्र तिला कुणीच बोलावलं नाही. का, ते सोसायटीतल्या बायकांना एकमेकींकडून कळलं होतं. अकराव्या-बाराव्या वर्षी निवृत्त करणारं आणि पेन्शनही न देणारं दुसरं पद माझ्या माहितीत नाही.

ती पोर मला म्हणाली, "काकू, गेल्या वर्षी माझ्या पाया पडले, आणि आता मी पाटाला शिवायचं पण नाही?" यावर विज्ञान सांगता येतं, आणि ते सांगावंच. पण तिने विज्ञान विचारलं नव्हतं. तिने देवाबद्दल विचारलं होतं, तर उत्तरही देवाच्याच घरातलं द्यावं म्हणून मी तिला सोयराबाई सांगितली. चोखामेळ्याची बायको, चौदाव्या शतकातली. ज्यांना देवळाच्या पायरीपुढे जाऊ देत नसत त्यांच्यातली. विटाळ देहातच जन्मतो आणि त्याच्यातूनच प्रत्येक देह घडतो, मग सोवळा राहिला कोण, असं तिने अभंगातून थेट पांडुरंगापुढे मांडलं. त्या पोरीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हे आपल्या सोसायटीत कुणी वाचलेलं नाहीये का?"

वाचलेलं असतं. वाचलेलं आणि वागलेलं एकत्र नांदतं, कधी कधी एकाच बाईत. आता माझी आई. ऋषिपंचमीला पहाटे ती दगडूशेठ गणपतीपुढे हजारो बायकांबरोबर रस्त्यावर बसून अथर्वशीर्ष म्हणते. पाळीच्या दिवसांत नकळत झालेल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून जे व्रत सांगितलं, त्याच व्रताच्या दिवशी, तिच्या लहानपणी बायकांनी उच्चारू नये म्हणत तेच, लाउडस्पीकरवर! मग घरी येऊन बैलाच्या कष्टाचं न खाण्याचा नेम पाळत ऋषीची भाजी शिजवते. मी यातली विसंगती दाखवली तर म्हणते, "तुला भाजी हवी की नको?"

त्या दिवशी सात ऋषींबरोबर आठवी सुपारी अरुंधतीची. भाचीने सुपाऱ्या मोजल्या. "बाकीच्या सहा ऋषींच्या बायका कुठेत?" आईने सांगितलं, त्या आकाशात कृत्तिका झाल्या, त्यांनी लहानग्या कार्तिकेयाला वाढवलं. भाचीने मान डोलावली. "म्हणजे पाळणाघर." मला वाटतं, पुराणांचा असा नेमका अभ्यास विद्यापीठातही होत नसावा. मुली देवादिकांच्या गोष्टीत पराक्रम बघत नाहीत, कामाची वाटणी बघतात. कोण उभं आहे, कोण बसलंय, कोण शिजवतंय, कोण जेवतंय.

गोव्यात कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळात आम्ही गेलो होतो. शिव आणि विष्णू भांडत होते, देवी मध्ये पडली आणि तिने दोघांना शांत केलं, म्हणून ती शांतादुर्गा. भाची लगेच आईकडे वळली, "तू पण बाबा आणि काकाच्या मध्ये पडतेस. तुझं देऊळ का नाही?" तिची आई म्हणाली, "आधी सँडल घाल."

पंढरपूरचा प्रश्न मात्र मलाही आवडला. गावोगावच्या देवळांत विठ्ठल-रखुमाई शेजारी शेजारी, कमरेवर हात ठेवून उभे. खुद्द पंढरपुरात मात्र गाभाऱ्यात विठोबा एकटा आणि रुक्मिणीचं देऊळ मागे, वेगळं. कारण काय, तर द्वारकेहून ती रुसून दिंडीरवनात आली आणि तिला शोधत देव आला, अशी कथा. "अजून रुसलीये?" भाचीने विचारलं. "अठ्ठावीस युगं?" मी म्हटलं, असेल बाई. स्वतंत्र घर, स्वतःची पूजा, दर्शनाची स्वतःची रांग असताना रुसवा सोडायची घाई कुणाला असेल? २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले, तेव्हा मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी सर्व जातींतून अर्ज मागवले आणि रुक्मिणीच्या पूजेसाठी बायकांकडूनही. रुक्मिणीला नेसवायची नऊवारी, आणि नेसवणारे इतकी वर्षं पुरुष. तिने यावरूनही रुसायला हरकत नव्हती.

शनीशिंगणापूर मी टाळत होते. पण टीव्हीवर विषय निघाला. २०१५ च्या नोव्हेंबरात एक मुलगी चौथऱ्यावर चढली म्हणून देवाला दुधाने धुऊन शुद्ध केलं गेलं. पुढे आंदोलन झालं, उच्च न्यायालयाने १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा सरकारला दाखवला, आणि २०१६ च्या एप्रिलात गुढीपाडव्याला चौथरा बायकांना खुला झाला. "शनीला बायका आवडायच्या नाहीत?" भाचीने विचारलं. माझ्या आधी माझी आई बोलली, "साडेसाती मात्र बायकांना वगळत नाही हो. तिथे सगळे सारखे."

तर देवी पुरत नाही. मुलींना बोलणारी बाई लागते. तिच्यासाठी लांब जावं लागत नाही, आळंदीला गेलं की पुरे. मुक्ताबाईची गोष्ट भाचीला इतकी आवडली की तिने ती वर्गातही सांगितली. चांगदेव चौदाशे वर्षांचे म्हणतात, आणि मुक्ताबाई परंपरेच्या हिशेबाने अठरा वर्षांच्या आसपास समाधिस्थ झाली. म्हणजे तो शिष्य झाला तेव्हा गुरू फार तर कॉलेजात जायच्या वयाची. चांगदेवाने पत्र कोरंच पाठवलं, तेव्हा एवढं जगून हा कोराच राहिला, असं म्हणणारी ती. ज्ञानेश्वर रागावून ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेरून त्यांना चार गोष्टी सुनावणारीही तीच. मोठ्या भावाला समजावण्यासाठी अभंग रचावे लागतात हे भाचीला फारच पटलं. तिला मोठा भाऊ आहे.

मांडे भाजण्याच्या गोष्टीपाशी मात्र गाडी अडली. कुंभाराकडून भांडं मिळू दिलं नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने पाठ तापवली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. चमत्काराबद्दल काही शंका नव्हती. शंका ही, की तीन भाऊ असताना मांडे मुक्ताईनेच का भाजले? "पाठ एकाची लागली, मग बाकीचे दोघे काय करत होते?" निवृत्तिनाथ आणि सोपानदेव त्या वेळी काय करत होते याबद्दल चरित्रकार गप्प आहेत.

जनाबाईचंही तसंच. देव तिच्याबरोबर दळायला बसतो, गोवऱ्या वेचतो, तिची वेणीफणी करतो. किती सुंदर कल्पना! राजाच्या दरबारात नव्हे, मोलकरणीच्या जात्याशी देव. मी अगदी रंगून सांगत होते. सहावीतली म्हणाली, "काकू, देव आला तर त्याने तिला एक दिवस सुट्टी का नाही दिली?" हा प्रश्न मी कीर्तनकारांसाठी राखून ठेवला आहे.

सोसायटीच्या गच्चीवर आमच्या या बैठकीत आता आणखी दोघी येऊ लागल्या. त्यातली एक जैन. तिने सांगितलं की एकोणिसावे तीर्थंकर मल्ली ही राजकन्या होती. मग तिच्याच आजोबांनी स्पष्ट केलं की हे श्वेतांबरांचं म्हणणं, दिगंबर मल्लिनाथांना पुरुषच मानतात. मुलींना याचं काही वाटलं नाही. मोठी माणसं एकाच माणसाबद्दल दोन गोष्टी सांगतात याची त्यांना सवय आहे. दुसरीच्या घरी बुद्धवंदना होते, म्हणून मी तिला थेरीगाथेतली मुत्ता सांगितली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या भिक्षुणी, त्यांनी स्वतः रचलेल्या गाथा, आणि त्यात ही मुत्ता सांगते की मी तीन वाकड्या गोष्टींतून सुटले : उखळ, मुसळ आणि माझा नवरा. मुली गच्चीवर लोळून हसल्या. खाली गेल्यावर त्या दुसरीने हे आईला सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या बाई माझ्याकडे बघून नेहमीपेक्षा जास्त हसल्या.

मग एकदा सगळ्याच गोष्टी संपल्या आणि गार्गी उरली. जनकाने हजार गायी उभ्या केल्यात, प्रत्येकीच्या शिंगांना सोनं बांधलंय, आणि सगळ्यांत मोठा ज्ञानी असेल त्याने त्या घेऊन जायच्या. याज्ञवल्क्य वाद होण्याआधीच शिष्याला म्हणतो, हाक गायी. सगळे चिडतात, एकेक जण प्रश्न विचारतो आणि गप्प होतो. गार्गी विचारते, हे सगळं पाण्यात ओवलेलं, तर पाणी कशात? ते वाऱ्यात, तर वारा कशात? अशी ती वर वर चढत जाते. शेवटी याज्ञवल्क्य म्हणतो, गार्गी, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल.

"पडलं?" चौघींनी एकदम विचारलं.

नाही. ती गप्प बसली, थोड्या वेळाने पुन्हा उठली आणि म्हणाली, आता दोनच विचारते. दोन्ही विचारले, उत्तरं ऐकली आणि सभेला सांगून टाकलं की याला कुणी हरवू शकणार नाही, नमस्कार करून सुटा. म्हणजे शेवटचा निवाडाही तिचाच. डोकं पडलं ते शाकल्याचं. गार्गीचं न ऐकता वाद घालत राहिला तो.

त्या नवरात्रात सोसायटीत वेशभूषा स्पर्धा होती. विषय, अर्थात, 'देवीची रूपं'. भाचीने गार्गी होणार म्हणून जाहीर केलं. आयोजक काकूंनी विचारलं, गार्गी देवी आहे का? भाची म्हणाली, "नाही, म्हणूनच." मग घरात खलबतं सुरू झाली. गार्गीचा वेश काय? दुर्गेचा त्रिशूळ, सरस्वतीची वीणा, लक्ष्मीचं कमळ, सगळं बाजारात मिळतं. गार्गीच्या हातात काय द्यायचं? माझ्या आईने जरीकाठाची साडी सुचवली. भाचीच्या आईने केसांचा अंबाडा आणि रुद्राक्ष. सहावीतली, जी आता कुमारिका नव्हती आणि स्पर्धेतही नव्हती, म्हणाली, "तिच्या हातात काही नको. आणि बरोबर मी येते, शाकल्य म्हणून. डोकं पाडायचं कसं ते मला माहितेय, ओढणीखाली लपवायचं."

आयोजक काकूंनी परवानगी दिली, फक्त शाकल्याने रक्त दाखवू नये या अटीवर.