भागिले बारा

बाहुलीघरं करणाऱ्या बाई म्हणजे हळव्या, बालमनाच्या, स्वप्नात रमणाऱ्या, असं त्यांना काम करताना कधीच न पाहिलेले लोक सांगतात. भूगाव-पिरंगुटकडच्या एखाद्या सोसायटीत, गॅलरी बंद करून काढलेल्या खोलीत बसलेल्या या बाई मुळात हिशेबनीस असतात. फुटाला इंच हे बाहुलीघराचं जगभर रुळलेलं प्रमाण; त्यामुळे दिसेल ते बारानं भागायची खोड त्यांना जडते. पौड खोरं बारा मावळांपैकी एक, तेव्हा बारा हा आकडा इथल्या पाण्यातच असावा. वाण्याकडे बाई किराणा भरायला जात नाहीत, माल हेरायला जातात. साबुदाणा म्हणजे रव्याचा लाडू, मोहरी म्हणजे आवळा, खसखस म्हणजे चणे. आषाढी एकादशीला खिचडी होत नाही, कारण साबुदाण्याला वॉर्निश लागून तो ताटात चिकटलेला असतो.

त्यांचं वर्षही या भागाकारावरच चालतं. चैत्रात हळदीकुंकवाच्या आराशीसाठी, भाद्रपदात गौरीपुढे मांडायला आणि तुळशीचं लग्न लागलं की रुखवतासाठी, असं मागणं येत राहतं. दिवाळीत मात्र बाई खिडकी लावून घेतात. खाली पोरांनी केलेल्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि महाराज बुरुजापेक्षा. भक्तीला प्रमाण नसतं हे मान्य असूनही ते बघवत नाही. खरी परीक्षा पावसाळ्यात. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत 24 तासांत 556 मिलिमीटर पाऊस पडला. बाहुलीच्या अंगणात त्याचे सेहेचाळीस होतात, तेवढे बाई सोसतील. पण दमट हवेला भाग जात नाही. फेव्हिकॉल वाळत नाही, पुठ्ठा फुगतो, भिंतीवर बुरशी येते, आणि बुरशी येते ती पूर्ण मापाची! बाहुलीच्या स्वयंपाकघरात ती झुडपासारखी दिसते. कापडही तसंच हट्टी. साडीचं कापड बारीक कापलं तरी चुणी बारीक पडत नाही; पदर पत्र्यासारखा उभा राहतो. मग पातळ मलमल, खळ आणि टाचण्या. स्वप्नाळू माणूस पहिल्या आषाढातच हे सोडून कविता करू लागला असता.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, तुळशीबागेत पितळी भातुकली मिळतेच की. मिळते, आणि सुरेख मिळते. पण भातुकलीत जातं आणि चूल एकाच उंचीची असली तरी कोणाचं बिघडत नाही, कारण ती पोरीच्या हातासाठी असते. बाहुलीघर डोळ्यासाठी असतं आणि डोळा फार खवचट. दुसरा आक्षेप पोरखेळाचा. तर ब्रिटनच्या राणी मेरीसाठी असंच एक घर झालं, याच मापात, आणि आराखडा होता नवी दिल्ली उभारणाऱ्या लुट्येन्स साहेबांचा. नळाला पाणी, विजेचे दिवे, चालती लिफ्ट, सगळं होतं. काम चाललं 1921 ते 1924. नेमक्या त्याच वर्षांत मुळशीत सेनापती बापटांचा सत्याग्रह चालू होता, कारण मुंबईला वीज देण्यासाठी टाटांच्या धरणाखाली इथली पन्नासेक गावं जायची होती. तिकडे बाहुलीच्या घरात दिवा लागला आणि इकडे माणसांची घरं पाण्यात गेली. पोरखेळ कशाला म्हणायचं, ते ज्याचं त्यानं बघावं.

तिसरा आक्षेप जरा जड आहे: बाई व्हिक्टोरियन बंगलेच का करतात? कारण त्यांची मापं पुस्तकात मिळतात. मुळशीचं कौलारू घर करायचं तर ओटी किती खण, माजघर किती हात, हे कोणाला तरी विचारावं लागतं. आणि पाण्याखाली गेलेला वाडा दर पिढीत थोडा वाढतो. पणतू दोन्ही हात फाकवून ओसरी दाखवतो आणि हात पुरत नाहीत म्हणून दोन पावलं मागे सरकतो. त्या मापाला आधी दोनानं भागावं लागतं, मग बारानं.