‘केयी’ म्हणतो तर म्हणू द्या!

“काय वहिनी, बिबडे वाळत घालून राहिल्या? घाला घाला, मी इथूनच बोलते. आमची सून काल नातवाला जळगावला दाखवून आली.”

“माय वं! जिभेचं का? कापायची म्हणे ना?”

“ते आमच्या ह्यांचं सुरू होतं, एकदाची जिभेखालची शीर कापून टाका म्हणून. जीभ बाहेर काढली की टोकाला पत्त्यातल्या बदामासारखी खाच पडते त्याच्या. पण त्या स्पीच थेरपीवाल्या बाई कात्रीचं नावच घेईनात. आधी कान तपासून घेतले.”

“बोलायचं कानाला काय?”

“अहो, ऐकू नीट आलं तर बोलेल ना! मग वरच्या ओठाला मध लावला नि म्हणे, चाट. जीभ टाळूला लाव, या गालात, त्या गालात. मग चित्रं. ताट, नळ, लाडू, बैल. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी कसं येतं ते लिहून घेतलं. नंतर खेळायला सोडला आणि गुपचूप त्याची बडबड ऐकत बसल्या.”

“हुशार बाई!”

“पुढं ऐका. केळीचं चित्र आलं, हा म्हणाला ‘केयी’. सून पुण्याची, लगेच म्हणे, बघा, ळ येत नाही! बाईंनी विचारलं, घरात काय म्हणतात? आता आमच्याकडे आजोबापासून सगळे केयी, डोया, शायाच म्हणतात. बाई हसल्या. ही जिभेची खोड नाही, खान्देशची बोली आहे म्हणे. तो दोष धरलाच नाही.”

“बरं झालं, नाहीतर अख्ख्या पाचोऱ्याच्या जिभा कापाव्या लागल्या असत्या!”

“र पण नाही धरला. साडेचार वर्षांचं पोर, तो उशिराच येतो. अडलं ते ल पाशी. लाडूला नाडू म्हणतो. पण बाईंनी समोर बसवून म्हणवून घेतलं तर जीभ वर गेली, ल आला! म्हणून आधी काही महिने सराव, मग पुन्हा तपासणी. कापलं तरी जुनी सवय आपोआप जात नाही, सराव करावाच लागतो. तान्ह्याला दूध ओढता येत नसेल तर गोष्ट वेगळी.”

“आणि ते जिभेला लावायचं वेखंड?”

“बंद! वेखंडानं काय जीभ सुटते? ते सोडा, तुमच्या भाच्याचा पोरगा तिसऱ्यात आला, अजून एक शब्द नाही म्हणता ना? तुम्ही जिभेला दोष देऊन राहिल्या. नुसत्या चिकटलेल्या जिभेनं पोर मुकं राहत नाही हो, उच्चार तेवढे बोबडे होतात. त्याचे कान पाहिले का कोणी?”

“नाही बाई.”

“मग अंगणवाडीत विचारा. 2013 पासून ती बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, वर्षातून दोनदा. अठरा वर्षांपर्यंत फुकट तपासतात, लागलं तर जिल्ह्याला पाठवतात. गाडी कधी येते त्याची वाट नका बघू, सेविकाबाईंना आजच गाठा. अन् वहिनी, तो कावळा बघा, बिबडा घेऊन चालला!”